रोटीवालीची कंबर

सोमवार, १३ जानेवारी

ही वही बसीमानं अस्यूतहून पाठवली. कॉलेजात शिकणाऱ्या मुलींना बापाला शहाणं करायची हौस असते. म्हणते, "बाबा, तुम्ही पाहुण्यांना एवढं सांगता, ते कुठंतरी लिहून ठेवा." पाहुण्यांना सांगतो त्यातलं अर्धं खोटं असतं, ते कशाला लिहायचं? इथं खरं लिहीन. वाचणारं कुणी नाही. बायकोला, नफीसाला, वाचता येतं, पण ती माझ्या वस्तूंना हात लावत नाही.

उद्या मन्सूरा शहरातले एक निवृत्त शाळामास्तर आणि त्यांच्या बाई. एका दिवसाची फेरी. मोठे दगड, त्यातली रोटीवाली, चहा, परत. एकतीस वर्षं पांढऱ्या वाळवंटात गाडी घालतोय आणि पाहुण्यांसमोर एकदाही रुतलो नाही. आमच्या फराफ्रात असं म्हणू शकणारा दुसरा ड्रायव्हर दाखवा. शेजारचा अतिया तर दर आठवड्याला रुततो आणि वर हसतो.

मंगळवार, १४ जानेवारी

मास्तर चांगले होते. बाईंनी खजूर घातलेली बिस्किटं दिली. गाडी जरा रुतली, काढली. संध्याकाळी वारा सुटला.

बुधवार, १५ जानेवारी

काल खरं लिहिलं नाही. पहिल्याच पानावर खरं लिहीन म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी गप्प बसलो. आता लिहितो.

रोटीवालीपाशी थांबलो. मास्तर आणि बाई पलीकडच्या टेकाडामागं फोटो काढायला गेले. मी चहा ठेवला, प्यालो, आणि गाडी सावलीत घ्यावी म्हणून थोडी मागं घेतली. तिथली वाळू मी हजार वेळा तुडवलेली. कालच तिनं दगा दिला. मागची दोन्ही चाकं आसापर्यंत गेली.

यात नवं काहीच नाही. स्टेपनी काढायची, वाळूत खड्डा खणायचा, स्टेपनी आडवी पुरायची, गाडीच्या पुढं बसवलेल्या विंचच्या चरखीचा दोर तिला बांधायचा आणि गाडीनं स्वतःला ओढून घ्यायचं. अब्बांनी मला मिसरूड फुटायच्या आधी हे शिकवलं होतं. तासभर लागतो. पण मास्तर वीस मिनिटांत टेकाडावरून उतरले असते आणि मला, उवैसला, फावडं घेऊन गुडघाभर वाळूत बघितलं असतं. वाटेत मी त्यांना तीनदा सांगितलं होतं, की मी रुतत नाही.

म्हणून दोर रोटीवालीच्या कमरेला बांधला.

ती कमरेशी बारीक आहे. दोन माणसं एकावर एक उभी राहावीत एवढी उंच, तव्यापाशी वाकून बसलेल्या बाईसारखी, आणि कंबर एका माणसाच्या कवेत मावेल एवढी. होती. चुनखडीच ती, नखानं उकरली तरी पीठ पडतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाहुण्यांना मीच सांगतो, हात लावू नका, टेकू नका.

गाडी हातभर पुढं आली, चाकं सुटली आणि त्याच वेळी वरचं सगळं अंग खाली आलं. फार मोठा आवाजही झाला नाही. पोतं टाकल्यासारखा झाला. तीन तुकडे झाले. मी दोर गोळा केला, गाडी दोनशे पावलं लांब नेली आणि मास्तर उतरले तेव्हा बॉनेट पुसत उभा होतो. "इकडून चला, तिकडं ऊन फार आहे," असं म्हणून त्यांना दुसऱ्या वाटेनं नेलं.

आज संध्याकाळी अतिया आला. हातात माझी चहाची किटली. म्हणाला, "घे. वाटेत सापडली. सांभाळत जा रे आपल्या वस्तू." टपावरची दोरी सैल होती, डांबरी रस्त्याला लागताना पडली असणार. कुठं सापडली ते विचारायचं राहून गेलं. तो बसला नाही, चहाही घेतला नाही. अतिया आणि चहाला नाही म्हणतो! बायकोशी भांडला असेल.

गुरुवार, १६ जानेवारी

आज फराफ्राला कळलं. सनूसी आठ पाहुणे घेऊन गेला होता. त्याच्या हॉटेलच्या भिंतीवर रोटीवालीचं एवढं मोठं चित्र आहे, पाहुणे तेच बघून येतात. तो परत आला तो थेट चहाच्या दुकानात, आणि टोपी काढून टेबलावर आपटली. "कुणीतरी तिला पाडलीय! गाडीनं पाडलीय! कमरेवर दोराचा करकोचा आहे!"

सगळे बोलायला लागले. मीही बोललो. काय बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "कोण हरामखोर असेल?"

शनिवार, १८ जानेवारी

सनूसी म्हणतो, अतिया. तिथं एकाच गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या आणि त्या अतियाच्या. त्याच्या मागच्या डाव्या टायरला ठिगळ आहे, ते वाळूत उठतं, लहान पोरंही ओळखतात. माझ्या खुणा मंगळवारच्या वाऱ्यानं पुसल्या. अतिया म्हणे बुधवारी सकाळी तिथं गेला होता.

"कशाला गेला होतास? पाहुणे नव्हते तुझ्याकडं," सनूसी म्हणाला.

"असाच गेलो," अतिया म्हणाला.

"असाच! इंधन महाग झालंय आणि हा असाच डिझेल जाळत फिरतो. ऐका!"

अतिया एरवी भिंतीशीही वाद घालेल. आज मान खाली घालून साखर ढवळत बसला. मला त्याचा राग आला. अरे, सांग ना काहीतरी! वेडा आहे तो. लहानपणापासून वेडा आहे. आमची घरं एका भिंतीला भिंत लागून, मला माहीत आहे.

सोमवार, २० जानेवारी

तीन दिवस झोप नाही. नफीसा जेवताना म्हणाली, "बसीमाचे बाबा, भात पुढ्यात तसाच आहे."

"भूक नाही."

"जर्दाळू घातलेत, तुम्हाला आवडतात म्हणून." मग थोड्या वेळानं, "गाडी धुतली आज मी. फावडं अगदी कोरं आहे. मंगळवारी रुतलात म्हणालात ना?"

मी म्हणालो, "हातानं उकरली वाळू."

"हं," म्हणाली आणि माझ्या हातांकडं बघत राहिली. बायकांना कशाचीही चौकशी लागते. गाडी धुवायला तिला सांगितलं कुणी होतं?

वही गादीखाली उलटी ठेवलेली सापडली. मीच ठेवली असेन. सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

सनूसीनं गावच्या वडीलधाऱ्या हाजी मबरूककडं तक्रार नेली. पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर हाजींच्या बैठकीत निवाडा. वाळवंट राखणाऱ्या सरकारी ऑफिसात जायच्या आधी आपलं आपल्यात मिटवायचं, अशी आमची रीत. अतियाविरुद्ध निकाल गेला तर कुणी ड्रायव्हर त्याच्याबरोबर जाणार नाही, कुणी हॉटेलवाला पाहुणे देणार नाही. म्हणजे गाडी विकायची आणि लोकांच्या बागेत मजुरीनं ऑलिव्ह तोडायला जायचं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

साक्षीदार नाही, तेव्हा शपथ होणार. आरोप असलेला माणूस कुराणावर हात ठेवून शपथ घेतो आणि त्याच्यामागं दुसरा एकजण उभा राहून म्हणतो, की ह्याची शपथ मी खरी मानतो. दुसरा घरचा नको, सोयरा नको, ज्याच्या शब्दाला वजन आहे असा हवा.

अतिया दुपारी आला, उंबऱ्यातच उभा राहिला. "उवैस, माझ्यामागं तू उभा राहशील?"

"मी?"

"तूच. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही आणि विचारणारही नाही."

"साल्या, गावात चांगली माणसं संपली का?" मी हसायचा प्रयत्न केला.

"नाही संपली," तो म्हणाला. "म्हणून तर आलोय."

भोळा आहे बिचारा. सगळ्या फराफ्रात त्यानं नेमकं मलाच निवडावं! पण तो गेल्यावर विचार केला आणि छातीवरचं ओझं उतरलं. अतियानं ते केलं नाही, हे माझ्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक आहे? माझी शपथ शंभर टक्के खरी असेल. तो सुटेल. मला काही बोलावं लागणार नाही. नंतर सनूसी कुणा बाहेरच्या ड्रायव्हरवर संशय घेईल, बहारियाच्या एखाद्यावर, आणि हळूहळू सगळे विसरतील. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

सोमवार, २७ जानेवारी

एकटाच गेलो होतो. पाहुणे नाहीत, काही नाही. अतियासारखा "असाच" गेलो.

ती तिथंच आहे, म्हणजे खालचं अंग. गुडघे, मांड्या. वरचे तीन तुकडे अजून स्वच्छ पांढरे आहेत, आतला भाग बाहेरच्यापेक्षा पांढरा असतो. अब्बांनी मला पहिल्यांदा इथं आणलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. गाडी नव्हती, उंट होते. आई त्याच वर्षी गेली होती. अब्बा म्हणाले, "ही बघ, ही कधीच चुलीपुढून उठत नाही." मी विचारलं, "रोटी कुणासाठी करते?" ते म्हणाले, "जो येईल त्याच्यासाठी." मी रडलो होतो. ते कुणाला सांगितलं नाही, पाहुण्यांनाही नाही.

तुकड्यांपाशी बसून मोठ्यानं रडलो. लिहितोच आहे तर लिहितो. आणि तरीही परत येताना हिशेब करत होतो, की शुक्रवारी फक्त एक वाक्य बोलायचं आहे. माणूस किती हलकट असू शकतो ते मला आता समजलं.

मला सांगायची भीती का वाटते? गाडी बंद होईल म्हणून? पोटापुरती ऑलिव्हची झाडं आहेत माझी. खरं कारण हे, की उवैस रुतला आणि लोकांपासून लपवायला त्यानं रोटीवाली पाडली, असं पोरं चहाच्या दुकानात सांगतील आणि हसतील. एवढंच.

गुरुवार, ३० जानेवारी

नफीसानं माझा पांढरा झगा धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावला. म्हणाली, "उद्या खरी शपथ घ्यायचीय ना? मग एवढे घाबरलात का?"

"कोण घाबरलंय?"

"कुणी नाही," ती म्हणाली. मग दारात थांबून, "बसीमाचे बाबा, तुम्ही काहीही बोललात तरी रात्री जेवायला घरीच या."

तिच्या मनात काय चालतं ते मला कधीच कळलं नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

जसं झालं तसं लिहितो.

हाजींची बैठक भरलेली. ड्रायव्हर सगळे, हॉटेलवाले सगळे. हाजी मबरूक भिंतीला टेकून बसलेले, डोळे मिटलेले. त्यांचं वय नव्वद तरी असेल. सनूसीनं आपलं म्हणणं मांडलं, टायरचं ठिगळ, बुधवारची खेप, सगळं. मग अतिया पुढं झाला. मी त्याच्यामागं, हातभर अंतरावर.

अतियानं कुराणावर उजवा हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अल्लाची शपथ, रोटीवाली मी पाडली नाही."

मी माझं वाक्य बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात सनूसी म्हणाला, "थांबा. शपथ अर्धी झाली. पुरी घेऊ दे त्याला. 'मी केलं नाही आणि कुणी केलं ते मला माहीत नाही.' आपल्या बापजाद्यांची शपथ अशी आहे."

हाजी म्हणाले, "सनूसीचं बरोबर आहे. पुरी घे, पोरा."

अतिया गप्प.

मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. मी मागून हळूच म्हणालो, "अरे बोल ना, घे आणि सुट."

त्यानं मान वळवली नाही. हात कुराणावर तसाच. त्याच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसत होता. कुणीतरी खाकरलं. सनूसी म्हणाला, "बघा. मी काय म्हणत होतो? खोटी शपथ घ्यायला जीभ उचलत नाही."

"अतिया," हाजी म्हणाले, "पहिली अर्धी घेतलीस, दुसरी का घेत नाहीस?"

"हाजी, मला घेता येत नाही."

"म्हणजे कुणी केलं ते तुला माहीत आहे?"

"मला घेता येत नाही, एवढंच म्हणतो. तुम्हाला काय निकाल द्यायचाय तो द्या."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पंधरा दिवस उशिरा. किटली! डांबरी रस्त्यावर कुठली पडायला? मी चहा ठेवला होता तो रोटीवालीच्या सावलीत, आणि पळ काढायच्या घाईत ती तिथंच राहिली. पितळी, हँडलला निळी चिंधी बांधलेली, फराफ्रातल्या कुणीही ओळखली असती. अतिया बुधवारी तिथून जात होता, त्यानं ती पाहिली, तुकडे पाहिले, दोराचा करकोचा पाहिला आणि सनूसी पोचायच्या आधी किटली उचलून माझ्या घरी आणून दिली. ती उचलायला थांबला म्हणून त्याच्या चाकांच्या खुणा उमटल्या. पंधरा दिवस गाव त्याच्या तोंडावर थुंकत होतं आणि तो साखर ढवळत होता. आणि मी त्याला वेडा म्हणत होतो. भोळा म्हणत होतो.

आता तो ऑलिव्ह तोडायला जायला तयार झाला होता, कारण त्याला खोटी शपथ घ्यायची नव्हती आणि माझं नावही घ्यायचं नव्हतं.

मी म्हणालो, "हाजी, मी पाडली."

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. मलाच माझा आवाज ओळखता आला नाही. म्हणून पुन्हा म्हणालो, "रोटीवाली मी पाडली. गाडी रुतली होती. पाहुण्यांना दिसू नये म्हणून खड्डा न खणता दोर तिच्या कमरेला बांधला. ह्या माणसाला सोडा."

सनूसी उठून उभा राहिला. मला वाटलं मारतो. तो म्हणाला, "तू? उवैस, तू?" आणि परत बसला. त्याचे डोळे भरून आले होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हाजींनी डोळे उघडले. "तुझ्या बापानं तुला स्टेपनी पुरायला शिकवली नव्हती?"

"शिकवली होती."

"मग?"

"लाज वाटली, हाजी."

"आता वाटतेय त्यापेक्षा जास्त?"

निकाल असा झाला: या हंगामात माझी गाडी वाळवंटात जाणार नाही. ऑफिसात मी स्वतः जाऊन सांगायचं, हाजी बरोबर येतील. आणि अतियाच्या घरी जाऊन, त्याच्या बायकापोरांसमोर, त्याची माफी मागायची.

घरी आलो तर नफीसानं दोन ताटं वाढून ठेवली होती. तिनं काही विचारलं नाही. "तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं. "जेवा," ती म्हणाली.

शनिवार, १ फेब्रुवारी

अतियाकडं गेलो. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि मला बघून आत निघून गेली. बरोबर आहे तिचं. मी सगळ्यांसमोर माफी मागितली. अतिया म्हणाला, "झालं? आता बस. चहा घे."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तू मला सांगशील म्हणून वाट बघत होतो."

"आणि मी नसतोच बोललो तर?"

त्यानं ग्लासात साखर घालून ढवळली. "मग मला फार वाईट वाटलं असतं, उवैस," असं म्हणाला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. चहाच्या दुकानात पोरं हसली. हसू देत.

आज सकाळी अतियानं हॉर्न वाजवला. "चल. तुझी गाडी बंद आहे, तुझे पाय तर चालू आहेत ना? मागं बस, पुढं पाहुणे बसतील."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी पाहुण्यांच्या सीटवर बसून पांढऱ्या वाळवंटात गेलो. पाहुणे म्हणजे तांता शहरातल्या एक बाई, त्यांची म्हातारी आई आणि भाऊ. अतिया गाडी अशी हाकतो, की माझी कमरच मोडली. आणि दगडांबद्दल जे सांगतो ते! एका दगडाला त्यानं ससा म्हटलं. तो ससा नाही, कुणीही सांगेल. मी जीभ चावून गप्प बसलो.

उरलेल्या रोटीवालीपाशी त्यानं गाडी थांबवली. दुसऱ्या वाटेनं जाता आलं असतं.

बाई उतरल्या, गोल फिरून आल्या. "हे काय आहे? ह्याला नाव नाही?"

अतिया म्हणाला, "ते मागं बसलेत त्यांना विचारा."

मी खाली उतरलो. म्हणालो, "ही रोटीवाली होती, बाई. चौदा जानेवारीपर्यंत होती. माझ्या हातून मोडली." आणि कशी मोडली तेही सांगितलं, रुतल्याचंही. भावानं वर उचललेला कॅमेरा खाली केला.

मग म्हातारीनं विचारलं, "दिसायची कशी, बाळा?"

मला सत्तावन्न वर्षं झाली. बाळा मला कुणी म्हणून जमाना झाला. सांगायला लागलो, पण शब्दांनी जमेना. हे पोट, हे हात, अशी वाकलेली, म्हणेपर्यंत सगळं चुकतच होतं. शेवटी झगा आवरला आणि त्या पांढऱ्या मांड्यांच्या शेजारी वाळूत गुडघ्यांवर बसलो. पाठ वाकवली, दोन्ही हात पुढं केले, तव्यावर असतात तसे, आणि मान कलती केली.

म्हातारी हसायला लागली, मग तिची लेक. मला वाटलं, हसू देत. तिथंच थांबलो.

"हिला दाढी नव्हती हो!" अतिया लांबून ओरडला. मग जवळ आला, माझ्याभोवती एक फेरी मारली, वाकून डोळे बारीक करून बघितलं. त्याचा आवाज बदलला.

"नाही रे," तो म्हणाला, "मान अजून थोडी डावीकडं."

मी मान डावीकडं केली.